लिम आंटींचा पब आणि माझी खानावळ

चांगी विमानतळाच्या बाहेर पाऊल टाकलं आणि माझ्या चष्म्यावर वाफ धरली. सिंगापूरचं पहिलं दर्शन म्हणजे नुसतं पांढरं धुकं. पदराने काचा पुसल्या तेव्हा समोर माझा मुलगा विशाल उभा होता, शेजारी सून अदिती, आणि माझ्या खांद्याला लागेल एवढी झालेली नऊ वर्षांची नात इरा.

या प्रवासाला कारण होतं. कोल्हापुरात कॉलेजजवळ माझी खानावळ आहे. हे गेल्यावर सुरू केली, त्याला सव्वीस वर्षं झाली. यंदा उन्हाळ्यात ओल्या फरशीवरून घसरून पडले आणि उजवं मनगट मोडलं. माझ्याकडे पंधरा वर्षं काम करणाऱ्या सुनीताने मला दवाखान्यात नेलं आणि विशालला फोन केला. त्याला यायला चार दिवस लागले. तेव्हापासून त्याचं एकच सुरू होतं, "आई, आता पुरे. इकडे ये आणि आराम कर." खानावळीची जागा घ्यायला त्याने एक मोबाइल दुकानवालाही शोधून ठेवला होता. "आधी महिनाभर राहून बघ, मग ठरव," असं म्हणून त्याने तिकीट पाठवलं. मला वळवायलाच बोलावतोय, हे बॅग भरतानाच कळलं होतं. तरी आले. नातीला बघायचं होतं.

विशालचं घर चोआ चू कांगला, दहाव्या मजल्यावर. इथल्या सरकारी इमारतींवर पुरुषभर उंचीचे आकडे रंगवलेले असतात आणि खिडक्यांतून आडव्या काठ्या बाहेर काढून त्यांवर कपडे वाळत घालतात. दोनच दिवसांत मी एकटी खाली जाऊन भाजी आणू लागले. लिटिल इंडियातून ओला नारळ आणि सुक्या मिरच्या आणून रस्सा केला, तो इराने डोळ्यांतून पाणी काढत संपवला. पण दुपार मोठी जायची. मुलं कामावर, इरा शाळेत, आणि मी सोफ्यावर बसून समोरच्या इमारतीचे मजले मोजत असे.

मुक्कामाच्या शेवटच्या शनिवारी संध्याकाळी विशाल म्हणाला, "आज बाहेर जेवू. आमच्या नेहमीच्या पबमध्ये."

"पबमध्ये? इराला घेऊन?"

"अगं, तिथे सगळे पोरंबाळं घेऊनच येतात."

बसमध्ये थांबा हवा असेल तर लाल बटण दाबायचं असतं. ते काम मी हौसेने मागून घेतलं आणि एक थांबा आधीच दाबलं. उतरून दहा मिनिटं चालावं लागलं. "आजी, नेक्स्ट टाइम मी दाबते, ला," इरा म्हणाली. ('ला' हे इथलं शेपूट, आपल्या 'ना'सारखं.)

पब म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर अंधार आणि कर्कश गाणी होती. हा निघाला दुकानांच्या ओळीतला एक गाळा. फुटपाथवर मांडलेली टेबलं, वर फिरणारे पंखे, आवाज बंद करून लावलेला फुटबॉलचा सामना. एक आजोबा बिअरचा ग्लास पुढ्यात ठेवून पेपर वाचत होते. शेजारच्या टेबलाशी बाबागाडीत बाळ झोपलं होतं. गल्ल्यामागे उंच स्टुलावर सत्तरी ओलांडलेली, आखूड पांढऱ्या केसांची बाई बसली होती. तिने आम्हाला पाहिलं आणि न सांगता इरासाठी लिंबाचं सरबत पाठवलं. "या लिम आंटी," अदिती म्हणाली. "पब यांचाच."

आधी तळलेले चिकनचे तुकडे आले, कुरकुरीत आणि आतून रसाळ. मग बेलाचान (सुकटीच्या वाटणाच्या जातीचा कोळंबीचा ठेचा) घालून परतलेली हिरवी भाजी. ती मला इतकी आवडली की ताटली माझ्याकडे ओढून घेतली. शेवटी माशाचं कालवण आणि भात आला. पहिल्याच घासाला मी थांबले.

"खालून लागलंय," मी हळूच अदितीला म्हणाले.

इराने मान वळवून मोठ्याने इंग्रजीत सांगून टाकलं, "आंटी, माझी आजी म्हणते हे करपलंय."

विशाल लालबुंद झाला. "आई, असू दे ना."

लिम आंटी स्टुलावरून उतरल्या. चमचा घेऊन चव पाहिली. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं." त्यांनी चिनीत हाक मारली. आतून चाळिशीचा एक माणूस आला, घामाने डबडबलेला. त्यांचा मुलगा. त्या काहीतरी हळू आवाजात म्हणाल्या. त्याने एकदा आईकडे, एकदा भरलेल्या टेबलांकडे पाहिलं आणि कमरेचा एप्रन सोडून त्यांच्या हातात दिला. त्याला त्यात कमीपणा वाटला नसावा. सुटल्यासारखा हसला तो. आमच्या टेबलाशी येऊन म्हणाला, "गुडघ्याचं ऑपरेशन झालं तिचं. दोन महिने मी तिला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. दोन महिने ती माझ्याशी नीट बोललेली नाही."

वीस मिनिटांनी लिम आंटी स्वतः कालवण घेऊन आल्या. आंबट, तिखट, मासा अख्खा आणि लुसलुशीत. त्या माझ्या शेजारी बसल्या. इरा मधे उभी राहून दोघींचं बोलणं इकडून तिकडे पोचवू लागली.

"तुम्ही स्वयंपाकाचं काम करता?"

"सव्वीस वर्षं."

त्यांनी माझा हात ओढून पाहिला. भाकरीच्या तव्याचे डाग मनगटापासून कोपरापर्यंत आहेत. मग त्यांनी बाही वर करून स्वतःचे दाखवले, तेलाचे, गोल गोल. "माझा मुलगा म्हणतो, बसून राहा," त्या म्हणाल्या.

"माझाही."

इराने तेही इमानेइतबारे इंग्रजीत सांगितलं. लिम आंटींनी विशालकडे नुसतं पाहिलं आणि उठून आत गेल्या.

विशाल बराच वेळ भात चिवडत राहिला. मग म्हणाला, "आई, सुनीतामावशींचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. नंतरचे चार दिवस कसे काढले, माझं मला माहीत. ते मला पुन्हा नको आहेत."

हे त्याने आजवर सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, मुलाला आईच्या कामाची लाज वाटते. किती चुकीचं धरून बसले होते मी.

"आधी का नाही बोललास?"

"तू रागावली असतीस."

"रागावलेच असते," मी म्हणाले. "ऐक. खानावळ मी बंद करणार नाही. पण फरशी बदलते, खडबडीत बसवून घेते. संध्याकाळचं जेवण सुनीताकडे सोपवते. रविवारी सुट्टी. एवढं माझ्याकडून."

अदितीने माझ्या पाठीवर हात ठेवला. विशालने मोबाइल काढला, काहीतरी लिहिलं आणि माझ्यापुढे धरला. जागा मिळणार नाही, असा त्या दुकानवाल्याला निरोप होता. मग त्याने कालवणाची वाटी स्वतःकडे ओढली.

पाच दिवसांनी कोल्हापुरात उतरले ती थेट खानावळीत गेले. दुपारची गर्दी होती. सगळी टेबलं भरलेली, सुनीता वाढत होती. पातेल्यातला रस्सा चाखला. उत्तम होता. माझ्या हातचा आणि तिच्या हातचा, फरक सांगता आला नसता. बरं वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं खुपलंही. इतकी वर्षं मी समजत होते की माझ्यावाचून हे चालायचं नाही. ते तर छान चाललं होतं.

मग मी इथे का येते, याचं उत्तर मला त्या गर्दीत उभी असतानाच मिळालं. मला आवडतं म्हणून. दुसरं कारण लागत नाही.

"ताई, प्रवासातून आलाय, बसा की जरा," सुनीता म्हणाली.

"बसते नंतर," म्हणून मी पदर खोचला आणि पिठाची परात पुढे ओढली.