मिलिंदच्या कॉम्प्युटरवर चालणारा प्रोग्राम

मंगळवार. बरेच दिवस इथे फिरकले नाही, माफ करा.

आमचा बिलिंगचा प्रोग्राम ग्राहकांकडे उघडताक्षणी बंद पडत होता. सकाळच्या मीटिंगमध्ये मिलिंद म्हणाला, "मृणालचा कोड बघा. माझ्याकडे तर चालतोय." मी दिवसभर स्वतःचीच चूक शोधत बसले.

शेवटी सापडलं. सुरू होताना प्रोग्राम लोगोचं चित्र मिलिंदच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये शोधत होता. ते ग्राहकाकडे कुठून असणार?

त्याला दाखवलं.

"कालच लक्षात आलं होतं गं. सगळ्यांसमोर कसं सांगणार?"

"आणि माझं नाव बरं सांगता आलं!"

खराडीच्या या ऑफिसात आम्ही इतकी वर्षं एकत्र डबा खातो. तुम्ही काय केलं असतं?

उद्याचं काम: मीटिंगआधी मिलिंदला सांगायचं, तू बोल, नाहीतर मी बोलते.