खोडता येईल असं पान

मूर्तिनिंगसिह बाईंना जावामधलं आमचं आख्खं गाव 'बू गुरू' म्हणतं. बू म्हणजे बाई, आणि गुरू म्हणजे काय ते सांगायला नकोच. अडतीस वर्षं त्यांनी चौथीचा वर्ग सांभाळला. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो आणि आता त्याच शाळेत संगणक शिकवतो. अजूनही त्यांच्यासमोर मला खुर्चीला पाठ टेकून बसता येत नाही.

निवृत्त झाल्यावर लोक नातवंडं सांभाळतात. बू गुरूंना मूलबाळ नव्हतं, म्हणून त्यांनी गावाचे रंग सांभाळायला घेतले. आमच्याकडे बायका कापडावर मेणानं नक्षी काढून बातिक रंगवतात. निळा घरोघरी जमतो. बारतोंडीच्या मुळांचा लाल मात्र एकट्या तार्मी आजीला यायचा. बू गुरूंच्या आईलाही यायचा म्हणे, पण तेव्हा बू गुरू शाळेत फळा पुसत होत्या, शिकायचं राहून गेलं. पुढे त्यांनी स्वतः करून पाहिला तर दर वेळी तपकिरी निघाला. तार्मी आजीची ऐंशी उलटली होती, खोकला पाठ सोडत नव्हता. ती जायच्या आत लाल लिहून घ्यायचा, एवढा एकच ध्यास बू गुरूंना लागला होता.

मग सरळ विचारायचं ना, असं परका माणूस म्हणेल. विचारलं की! तीनदा विचारलं. तार्मी आजी दर वेळी गोड चहा आणि तळलेली केळी पुढे करायची आणि म्हणायची, "तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईला मी अडाणी काय सांगणार? तुम्ही करता तेच बरोबर असेल." ह्या भिडेला आम्ही सुंगकान म्हणतो. मानानं मोठ्या माणसाला शिकवणं म्हणजे त्याच्या थोबाडीत मारणं. जावामधल्या माणसाचा जीव जाईल, पण सुंगकान जाणार नाही.

एक दिवस बू गुरू शाळेत आल्या.

"प्राप्तो, असं काही असतं का रे, की मी लिहायचं आणि दुसऱ्या कुणी गुपचूप खोडून नीट करायचं?"

"असतं की. विकी म्हणतात त्याला."

"मग मला एक शोधून दे. मी लाल चुकीचा लिहून ठेवते. कुणाला तरी राहवणार नाही."

मी तीन प्रकार मांडून दाखवले. पहिला मोठ्या ज्ञानकोशांसारखा, भारदस्त. कुणी कधी काय बदललं, सगळं नावानिशी दाखवणारा.

"नाव दिसतं? मग नको," त्या म्हणाल्या. "पाटीवर नाव घातलं की पोरं गणित सोडवत नाहीत, नुसती माझ्या तोंडाकडे बघतात."

दुसरा एका कंपनीचा, देखणा. त्यात शिरायलाच आधी नाव नोंदवावं लागायचं. तिसरा अगदी साधा. प्रत्येक पान म्हणजे एक फाइल, कुणीही यावं, लिहावं आणि जावं. जुना फोनही तो उघडायचा.

"हाच," बू गुरू म्हणाल्या. "आधीचं लिहिलेलं राहतं ना ह्यात?"

"राहतं, बू. जुन्या प्रती ह्याच फोल्डरात जमा होतात."

त्यांनी निळीचं आणि मेणाचं पान भरलं, मग 'लाल' नावाचं पान केलं, त्यात आपली तपकिरी कृती लिहिली आणि वर ठळक अक्षरात घातलं : चुकलं असेल तर दुरुस्त करावं.

अकरा दिवस पान उघडं होतं. बाराव्या दिवशी सकाळी पाहतो तर काय, प्रत्येक पानावर जुगाराच्या जाहिराती! निळीच्या कृतीत 'आजच नशीब उघडा', मेणाच्या पानावर नोटांचा पाऊस. माझं डोकंच फिरलं. एकेक वाचत बसायचा धीर माझ्यात कधीच नव्हता. आख्खं फोल्डर जुन्या प्रतींसकट उडवलं, माझ्याकडे वेगळी ठेवलेली पहिल्या दिवशीची प्रत परत ठेवली आणि कुलूप लावलं. यापुढे लिहायचं तर नाव नोंदवूनच. मोठा तीर मारल्यासारखा मी बू गुरूंना सांगायला गेलो.

"आता नाव लागणार?"

"त्याशिवाय इलाज नाही, बू."

"बरं. तुला कळतं त्यातलं."

तेही सुंगकानच होतं. मला ते तेव्हा कळलं नाही, ह्याची आजही लाज वाटते.

पुढे दर शुक्रवारी त्या विचारायच्या, "कुणी काही बदललं?" मी म्हणायचो, "नाही, बू." दोन वर्षं हेच. दरम्यान महिला मंडळातल्या मुली त्या पानावरून कापड रंगवायला लागल्या. ते तपकिरी निघायचं. कुणी चकार शब्द काढला नाही. बू गुरूंनी लिहिलंय म्हटल्यावर काढणार तरी कोण?

भाताच्या कापणीत तार्मी आजी गेली. सातव्या दिवसाच्या प्रार्थनेनंतर तिची मुलगी कार्सिनी जेवणाचे डबे वाटत होती. मला डबा देताना ती हळूच म्हणाली, "दादा, बू गुरूंना आमच्या वतीनं माफी सांगाल?"

"कसली गं?"

"ते लालचं पान. आईनं सांगितलं आणि मी बोटानं टाइप केलं. दोन संध्याकाळी लागल्या. तिला हसू येत होतं, म्हणे असं केलं तर तपकिरीच होणार! चार दिवसांनी पाहिलं तर आमचं सगळं खोडलेलं, बू गुरूंचं जुनं परत जागेवर. आई म्हणाली, राग आला बघ त्यांना. पण तोंडानं एक शब्द बोलल्या नाहीत, केवढं मोठं मन! पुन्हा असा आगाऊपणा करू नकोस."

मी डबा खाली ठेवला. "काय लिहिलं होतंस? आठवतं?"

"आधी कापडाला तेल आणि राखेचं पाणी… मग कसलीशी साल. किती दिवस, किती वेळा, ते आईला ठाऊक. मी चपलांच्या कारखान्यात जाते दादा, मला कुठलं येणार?"

पुढच्या शुक्रवारी सगळं सांगायचंच, असं ठरवून मी बू गुरूंकडे गेलो. त्या नवं कापड नेसून बसल्या होत्या. मंडळातल्या मुलींनी भेट दिलेलं. गडद तपकिरी. काठाला चिठ्ठी अजून तशीच होती : 'लाल, बू गुरूंचा.'

"बघ," त्या म्हणाल्या, "आता ह्यालाच लाल म्हणतात." मग सवयीनं विचारलं, "कुणी काही बदललं?"

सांगितलं असतं तर त्यांना काय मिळालं असतं? लाल तर मिळणार नव्हता. असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे माझी हिंमत झाली नाही.

"नाही, बू."

त्यांनी काठावरची चिठ्ठी नखानं सोडवायला घेतली. "मला वाटायचं रे, निदान तार्मी तरी खोडेल."