दक्षिणेकडे तोंड

आमच्या शिंदखेड्याच्या सासरी दक्षिण ही दिशा कमी आणि धाक जास्त होता. धनत्रयोदशीला यमाचा दिवा तिकडे तोंड करून. मेलेल्याचे पाय तिकडे. धुळ्याचा मारवाडी दुकानदार पुण्याकडच्या लुगड्याला कौतुकानं 'दखनी' म्हणायचा, तर सासूबाई म्हणायच्या, नावातच खोट असलेलं लुगडं मला नको! मला हसू यायचं. तोंडाळ होतेच मी.

पण जेवणाचा नियम मीही मोडला नाही. आईबाप असेतो दक्षिणेकडे तोंड करून जेवायचं नाही. माझे वडील मी रांगत असतानाच गेले, पण आई होती. म्हणून उत्तरेच्या भिंतीला पाठ लावून, दक्षिणेकडे तोंड करून फक्त थोरली जाऊ बसायची. तिला आईबाप दोन्ही नव्हते. मी चुलीजवळ, धूर खात, पूर्वेकडे तोंड करून.

मला सातवा महिना होता. पहिल्या खेपेला पोट पडलं होतं, त्यामुळे सगळे मला जपत. एरंडोलला आईला ताप येतोय, एवढं कळलं होतं. बाळंतपणाला तिच्याकडेच जायचं, हे मी धरूनच चालले होते. बैलगाडी कधी जुंपणार, म्हणून रोज घरच्यांचा जीव खायची. सगळे म्हणत, जाऊ, जाऊ.

एका दुपारी ताटं मांडली थोरल्या जावेनं. माझं ताट तिच्या शेजारी, उत्तरेच्या भिंतीला.

"अक्का, मन्हं ताट आठे कसं?"

ती ताटाकडे बघतच राहिली. चटकन ते उचललं आणि चुलीजवळ ठेवायला गेली, त्या घाईत आमटी सांडली. तिला बोलायची बंदी होती. पण जन्मभर पाळलेला नियम तिच्या हातांना कसा सुटणार? त्यांनी ताट बरोबर जागी मांडलं होतं.

"तुनी माय गई, बाई," ती खाली बसून रडायला लागली. "आज आठ दिवस व्हयनात."

पोटातल्या जिवासाठी लपवलं, हे मला तेव्हाही कळलं. तरी मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. लेकीचं तीन दिवसांचं सुतकसुद्धा मला पाळू दिलं नाही. त्या आठ दिवसांत मी वेणी घातली, झोपाळ्यावर बसले, पोटभर जेवले. परवाच तर वांग्याचं भरीत मायसारखं झालं नाही म्हणून मी नाक मुरडलं होतं. तेव्हा सासूबाईंनी मान वर न करता विचारलं होतं, "तुनी माय कसं करस?"

आणि मी हसत हसत, वांगी कापसाच्या काड्यांवर भाजण्यापासून मिरची ठेचण्यापर्यंत, माझी माय कसं करते ते त्यांना सांगत बसले होते.