डेव्हस्टेट

मी मराठी शाळेत शिकले. इंग्रजी पाचवीपासून. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला, आम्ही तिथल्याच क्वार्टर्समध्ये राहायचो. इंजिनिअर होऊन हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागले तेव्हा मला कामाची भीती नव्हती, मेलची होती. रोज संध्याकाळी अमेरिकेतल्या क्लायंटला दिवसभराचा अहवाल पाठवायचा असे आणि मी शेजारी शब्दकोश ठेवून तो लिहीत असे.

एका चाचणीत आमच्या प्रोग्रॅमने ग्राहकांचे सगळे पत्ते पुसून टाकले. ती चाचणीसाठी ठेवलेली प्रत होती, खरे पत्ते सुरक्षित होते. पण 'पुसले गेले' एवढं लिहून मला समाधान होईना. कोशात 'उद्ध्वस्त करणे' शोधलं आणि ठोकून दिलं, की प्रोग्रॅमने पत्त्यांचा तक्ता 'डेव्हस्टेट' केला आहे.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने मला सगळ्यांसमोर उभं केलं. "तिकडे लोक भल्या पहाटे ऑफिसला धावत आले. त्यांना वाटलं सगळा डेटा गेला! अगं, हा शब्द भूकंपाला वापरतात, पुराला वापरतात. तुझ्या टेस्ट डेटाला नाही."

चूक माझी होती, मी मान्य केली. पण मग मला आठ दिवस संवादकौशल्याच्या वर्गात बसवलं. तिथल्या बाईंनी सांगितलं, भावना गाळा, फक्त वस्तुस्थिती लिहा, घरचं काही लिहू नका. कॅन्टीनमध्ये चहा सांडला तरी कुणीतरी माझ्याकडे बघून म्हणायचं, "डेव्हस्टेट झालं गं!" मीही हसायचे. दुसरं काय करणार?

दोन महिन्यांनी मॅनेजरचा अमेरिकेचा दौरा रद्द झाला. त्याने अख्ख्या टीमला मेल टाकला, 'आय ॲम डेव्हस्टेटेड.' मी तो दोनदा वाचला. कुणीही त्याला वर्गात बसवलं नाही.

त्यानंतर एका मंगळवारी दुपारी आईचा फोन आला. धायरीला दिलेली माझी मोठी बहीण बाळंतपणाच्या आधीच दवाखान्यात दाखल झाली होती. आठवा महिना होता. बाळ पोटातच गेलं होतं. "ती रडतही नाहीये," आई म्हणाली. "भिंतीकडे तोंड करून पडलीय. तुला विचारत होती. लवकर ये."

मॅनेजर फोनवर होता. मी त्याच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले, तर त्याने तळहात दाखवून थांबवलं. म्हणून जागेवर येऊन मेल लिहायला घेतला. बहीण डेव्हस्टेट झाली आहे, असं आधी लिहिलं. मग तो शब्द खोडला. बाळाचं लिहिलं, तेही खोडलं, कारण ते घरचं होतं. शेवटी गेलेला मेल असा होता: बहीण दवाखान्यात आहे, प्रकृती स्थिर आहे, ती थोडी अपसेट आहे, शुक्रवारपर्यंत रजा मिळावी.

पाच मिनिटांत उत्तर आलं. स्थिर आहे ना? शुक्रवारी क्लायंटला रिलीज द्यायचं आहे. शनिवारी जा.

मी भांडायला हवं होतं. भांडले नाही. कंपनीची रात्रीची शेवटची बस सुटेपर्यंत रोज काम केलं, तोवर दवाखान्यात भेटायची वेळ टळलेली असे, म्हणून रोज फोन केला. बहीण फोनवर आली नाही.

शनिवारी पोचले तोवर तिला घरी आणलं होतं. ती पलंगावर बसली होती.

"आत्ता आलीस?"

"रजा मिळाली नाही गं, ताई."

"काय सांगितलंस त्यांना?"

मला खोटं बोलवलं नाही. "बहीण थोडी अपसेट आहे म्हणून सांगितलं."

"थोडी?" एवढंच म्हणून ती भिंतीकडे वळली.

सोमवारी मी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले आणि बसायला सांगायच्या आत मराठीत सुरुवात केली. "सर, माझ्या बहिणीचं बाळ आठव्या महिन्यात पोटात गेलं. पहिलंच होतं. मला आजपासून आठवडाभर रजा पाहिजे. दिली नाहीत तरी मी जाणार आहे."

त्याचा चेहरा उतरला. "अगं, मग हे मेलमध्ये का नाही लिहिलंस?"

कसं लिहायचं ते यानेच मला शिकायला पाठवलं होतं, आणि आता तो खरोखर कळवळून विचारत होता. त्यामुळे धड रागावताही येईना. "नाही लिहिता आलं," म्हणाले आणि निघाले.

आठवडाभर धायरीला राहिले. तिसऱ्या दिवशी ताईने मला केसांना तेल लावू दिलं. चौथ्या दिवशी कपाटातून बाळासाठी शिवलेली झबली काढून माझ्यापुढे ठेवली. "आईकडे ने. मला इथे नकोत," म्हणाली आणि तेव्हा पहिल्यांदा रडली, शेजारच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या इतक्या मोठ्याने. मी तिला धरून बसले.

पुढे तिला मुलगी झाली. तेव्हा मी पहिल्या दिवसापासून दवाखान्यात होते, कुणाला न विचारता. ताई आता माझ्याशी नीट बोलते, हसते. पण तो मंगळवार ते शनिवार आमच्यात कधी निघत नाही. एकदा मीच विषय काढला, तर म्हणाली, "जाऊ दे, तुझी नोकरी होती." मला तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.