निळ्या तारेवरचे दोन दिवे

त्या सकाळी मेंग ओकबुन हेल्मेट उलटं घालून फाटकापर्यंत आली. पहारेकरी हसला तेव्हा तिला कळलं. पन्नाशी उलटलेली बाई. कोरियातल्या योसूच्या रसायन कारखान्यात तारा तपासते. सैल स्क्रू तिच्या नजरेतून सुटत नाही.

हे सगळं प्यो मुकादमामुळे. आदल्या दिवशी जेवताना त्याने तिच्या ताटात मोहरीच्या आंबवलेल्या पाल्याची किमची वाढली आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "नवा विभाग सुरू झाला की माझ्याशी लग्न करता का? एकट्याला एवढी किमची संपत नाही."

"सुरू तर होऊ दे," ती म्हणाली. तेव्हापासून तिचे पाय जमिनीवर नव्हते.

विभाग सुरू करायचा तर आधी पूजा. डुकराचं उकडलेलं डोकं, तांदळाची दारू आणि दोन मेणबत्त्या. पण शेजारच्या विभागात पेट घेणारा वायू होता. मेणबत्ती फाटकाबाहेर, असं ओकबुनने बजावलं होतं. जुनी माणसं कुरकुरली. बाहेर केलेली पूजा यंत्राला पोचणार कशी? मग प्यो म्हणाला, मी बघतो.

त्याने बघितलं होतं. नव्या मनोऱ्याखाली टेबल, टेबलावर हसरं डुक्कर, दोन्ही बाजूंना विजेचे दोन इवले दिवे. तिला हसू आवरेना.

"ताई, पहिला नमस्कार तुमचा," मागून कोणीतरी म्हणालं. "दुसरा मुकादमांचा. पुढचं तुमचं तुम्ही बघा."

ती वाकली. कपाळ चटईला टेकता टेकता टेबलाची खालची बाजू दिसली. दिव्यांची तार खांबावरच्या पेटीत शिरत होती. त्या पेटीतून मापकांची निळी तार निघत होती.

ती तशीच राहिली.

"एवढं काय मागतायत?" मागे कोणीतरी कुजबुजलं.

"नवरा."

"तो तर मागेच उभाय."

ओकबुन उठली. "हे दिवे कोणी जोडले?"

"मी," प्यो खुशीत म्हणाला. "निळ्या तारेवर. तुम्हीच म्हणता ना, तिची ठिणगी काही पेटवत नाही."

"तिच्यावरचं एकूण एक मापक पारखून बसवलंय म्हणून. वीज मुद्दाम एवढीशी सोडतो, की तार तुटली तरी ठिणगीत जीव नसावा. आणि तुम्ही तिला बाजारातले दिवे लावलेत. यांच्या पोटात किती वीज साठते, ठाऊक आहे?"

"नाही."

"मलाही नाही. तीच तर भीती आहे."

तिच्या खांद्यावरचा वायरलेस खरखरला. नियंत्रण कक्ष. "ताई, मनोऱ्याची मापकं सकाळपासून मधेच गप्प होतायत. पूजा झाली का? वायू सोडू?"

सगळे डुकराकडे बघू लागले. गुपचूप तार उपटली असती तर आजच विभाग सुरू झाला असता. आणि मग लग्नही.

"सोडू नका," ती म्हणाली. "माझी मंजुरी मी मागे घेते. तारेची वीज बंद करा. सगळ्या पेट्या पुन्हा उघडायच्या आहेत. आणि मुकादम, नियम तुम्हाला माहीत आहे, न विचारता तार जोडली की पास जप्त. पास द्या. बाहेर."

प्योने पास काढून तिच्या हातात ठेवला. कानापर्यंत लाल झाला होता. जाताना त्याने डुकराचं डोकं उचललं.

दिवसभर ती शिडीवर होती. पेटी उघडायची, मोजायचं, बंद करायची. हात नेटके चालत होते. आता तो कशाला विचारतोय पुन्हा?

दिवेलागणीला ती फाटकाबाहेर आली. पलीकडे, बसथांब्याच्या बाकावर, डुकराचं डोकं. दोन खऱ्या मेणबत्त्या. त्यांच्यावर ओंजळ धरून बसलेला प्यो.

"इथे चालतात ना?" तो म्हणाला.

"इथे चालतात."

"चिडलात?"

"भयंकर."

"सुरू कधी?"

"उद्या. तुमच्याशिवाय. पास पंधरवड्याने मिळेल."

"मी विभागाचं नाही विचारत."

ओकबुनने हेल्मेट काढून बाकावर ठेवलं आणि रस्त्यावरच वाकून डुकराला नमस्कार केला. एकदा स्वतःचा, मग मुकादमांचा. थांब्यावर आलेल्या बसमधली माणसं खिडक्यांतून बघत राहिली. उठली तेव्हा ती हसत होती, आणि हसू थांबत नव्हतं.

"किमची आणलीय का?" तिने विचारलं.

त्याने पिशवीतून डबा काढला. भला मोठा होता.