विजेत्या बाईंची शेवटची तालीम

आमची मावशी सलग एकोणीस वर्षं राष्ट्रीय पुरस्काराची सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरली. फक्त आदल्या दिवशी, दुपारी.

त्याचं असं आहे. सिनेमा आणि टीव्हीच्या राष्ट्रीय पुरस्कारांची आदल्या दिवशी रंगीत तालीम होते. खुर्च्यांवर नटनट्यांचे पुठ्ठ्यावर चिकटवलेले फोटो ठेवतात, आणि कॅमेरेवाल्यांना सराव व्हावा म्हणून विजेत्यांच्या जागी साधी माणसं मंचावर पाठवतात. त्यांनी हातात लाकडी ठोकळा घ्यायचा, पंचेचाळीस सेकंद काहीतरी बोलायचं, आणि पियानो वाजला की गुमान खाली उतरायचं. मावशीनं जन्मभर सिनेमात गर्दीतली बाई केली. बँकेच्या रांगेत, कोर्टात, दुसऱ्यांच्या लग्नात. एका वाक्याचा संवाद कधी वाट्याला आला नाही. बोलायला मिळे ते इथेच.

बाकीचे लोक आकडे मोजून वेळ काढत. मावशी खरेखुरे आभार मानायची. ऐन वेळी उसवलेला ब्लाऊज अंगावरच शिवून देणाऱ्या शिंपीदादांचे, उन्हात तिच्यावर छत्री धरणाऱ्या लाइटवाल्याचे, एकदा तर मंचाच्या पायऱ्या घट्ट ठोकल्या म्हणून सुताराचे. "विजेत्या बाई आल्या" म्हटलं की कामगार हातातलं काम टाकून ऐकायला येत.

माझे आभार मात्र कधीच नाहीत. मी सात वर्षांची असताना आई गेली, तेव्हापासून मी मावशीकडे. दर तालमीला रजा काढून तिला नेणार मी, आणणार मी, डबा माझा, औषधं माझ्या पर्समध्ये. माझा राग तसा नाकावरच असतो. एकदा बोललेही, "सगळ्या जगाचे आभार मानतेस. काखेत कळसा नि गावाला वळसा." त्यावर ती म्हणाली, "डब्यात लोणचं घातलंस का?"

यंदा तिच्या घशात गाठ निघाली. तालीम रविवारी आणि ऑपरेशन मंगळवारी. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, जीव वाचेल, आवाज राहणार नाही. म्हणजे माझ्याबद्दल ती आता बोलली तर बोलली, नाहीतर कधीच नाही. तिच्या जिवाची काळजी सोडून मी हा विचार करत बसले होते. लाज वाटते सांगायला, पण खरं ते खरं.

ती मंचावर गेली. आवाज पार घोगरा झाला होता. शिंपीदादांपासून सुरुवात झाली. मग लाइटवाला, मग माईक लावणारी मुलगी, मग चक्क डॉक्टर. मी घड्याळाकडे बघत होते. चाळीस. बेचाळीस. पंचेचाळीस झाले आणि मी पर्स उचलली.

पियानो वाजलाच नाही.

"पियानो?" वरच्या खोलीतून दिग्दर्शकानं स्पीकरवर विचारलं.

"वायर निघालीय," पियानोवाला म्हणाला. दोन्ही हात मांडीवर, वायरीकडे बघायचीही तसदी नाही.

मावशी गोंधळली. "अहो, वाजवा की. माझं संपलंय."

"वेळ लागेल, बाई. बोला तुम्ही."

ती ठोकळा हातात फिरवत उभी राहिली. मग तिनं खुर्च्यांवरून नजर फिरवली.

"ती बघा, तिसऱ्या रांगेत पुठ्ठ्यांच्या मध्ये तोंड फुगवून बसलीय ना, ती माझी भाची," ती म्हणाली. लोक हसले. "बहीण गेली तेव्हा सगळे म्हणाले, मी पोरीला सांभाळलं. उलटं आहे ते. माझी वाट बघणारं घरी कुणी नव्हतं. ही आली, तेव्हापासून काम संपलं की मी घरी पळायला लागले. तुमचे आभार मी त्या त्या वेळी मानून टाकले, कारण तुम्ही पुन्हा भेटाल याचा भरवसा नव्हता. ही रोजच भेटायची. म्हणून उद्या सांगू, उद्या सांगू करत राहून गेलं."

वायर त्यानंतर आपोआप लागली असावी. पियानो वाजला आणि मावशी गुमान खाली उतरली.

टॅक्सीत मी पर्समधून तिची औषधं काढून दिली. एकोणीस वर्षं तिनं माझं नाव घेतलं नाही म्हणून मी रुसले होते, आणि मी तरी तिचे आभार कधी मानले होते? एकदाही नाही. शेवटी धीर करून म्हटलं, "मावशी, थँक्यू. सगळ्याबद्दल."

"मोठ्यानं बोल की," ती म्हणाली. "आवाज माझा जाणार आहे, तुझा नाही."