आवरून झाल्यावरचा एक ग्लास

वार्सेनिक पहिल्यांदा बिअर प्यायली तेव्हा तिचं वय बावन्न होतं. त्याआधीची सव्वीस वर्षं तिने फक्त बाटल्या धुतल्या होत्या.

बिअर तिचा नवरा करायचा. मार्कार तरुणपणी तेहरानला बिअरच्या एका कारखान्यात कामाला होता, जवाच्या खोलीत. जव भिजवायचे, पसरायचे, मोड आले की वाळवायचे, एवढंच त्याचं काम. क्रांती झाली, दारूवर बंदी आली, कारखान्याला कुलूप लागलं आणि मार्कार इस्फहानला, आमच्या आर्मेनियन वस्तीत, जुल्फ्यात परत आला. त्याने शिलाई मशिनी दुरुस्त करायचं दुकान टाकलं, लग्न केलं आणि घराच्या तळघरात बिअर सुरू केली. आम्हा आर्मेनियनांनी घरात, घरापुरती केली तर कुणी अडवत नाही. दाराबाहेर न्यायची नाही आणि विकायची नाही, हे आमच्या पोराटोरांनाही ठाऊक असतं.

त्यांच्या आणि माझ्या घरात एकच भिंत आहे. मी शाळेत शिकवायचे, एकटीच राहते. त्या भिंतीपलीकडचं मला बरंचसं ऐकूनच कळतं. उरलेलं वार्सेनिक स्वतः सांगते, तेही विचारलं तर.

त्या घरात बिअर ही पुरुषांची गोष्ट होती. रविवारी चर्च सुटलं की मार्कार दोन-तीन मित्रांना घेऊन अंगणात बसायचा. बायकांनी ईस्टरला वाइनचा एक घोट घ्यावा, तेवढं पुरे, असं सासूचं, म्हणजे येगिसाचं मत होतं. जव निवडणं, दर काही तासांनी ते हाताने परतवणं, तळाला लागलेलं मोठं पातेलं घासणं, बाटल्या धुणं, तळघराची फरशी पुसणं हे सगळं वार्सेनिककडे होतं. मार्कार पाहुण्यांना म्हणायचा, "माझी बिअर घेऊन बघा." त्यात कुणाला काही खटकलं नाही. तिलाही नाही.

पंचावन्नाव्या वर्षी मार्कार दुकानात, उघडून ठेवलेल्या मशिनीसमोर बसल्या बसल्या गेला. मूलबाळ नव्हतं. चाळीस दिवसांची प्रार्थना झाली, आले-गेले पांगले, आणि पुढच्याच महिन्यात येगिसा न्हाणीघरात घसरून पडली. खुबा मोडला. डॉक्टरांनी हाड जोडलं, पण एक्याऐंशी वर्षांची बाई पुन्हा चालेल असं काही ते बोलले नाहीत.

तिथून वार्सेनिकचे दिवस एकसारखे झाले. पहाटे सासूला कुशीवर वळवायचं, पुसून घ्यायचं, चादर बदलायची. येगिसा हाडापेराने मोठी बाई, आणि पडून राहून आणखी जड झालेली. मग चादरी धुणं, पाव आणणं, सूप, औषधं. दुपारी पुन्हा वळवणं, पाठीला तेल. मधल्या वेळात बाकीचं सगळं घर. उन्हाळ्यात टोमॅटो आटवायचे, शरदात लोणची घालायची, ईस्टरच्या आधी गालिचे अंगणात पसरून साबणाने घासायचे. घरात खाणाऱ्या दोनच बायका, तरी ती एकही काम सोडत नव्हती. मी एकदा म्हटलं, "अगं, टोमॅटोचा रस बाजारात डब्यात मिळतो."

"मिळतो," ती म्हणाली, आणि पळीने ढवळत राहिली.

मार्कार गेल्यावर तळघरात कुणी गेलं नव्हतं. पुढच्या वसंतात तिथला नळ गळायला लागला, म्हणून ती खाली उतरली. कोपऱ्यातलं जवाचं पोतं खालून भिजलं होतं आणि दाण्यांना मोड आले होते. छान, सारखे, नखाएवढे. तिने पोतं वर आणलं, टाकून द्यायला म्हणून. मग तिने अंगणात चादर पसरली आणि त्यावर ते जव ओतले.

"टाकायचेच होते," तिने मला नंतर सांगितलं. "पण मोड इतके नीट आले होते. आता वाळवायचे, एवढंच डोक्यात आलं. त्याच्यापुढचंही हाताला माहीत होतं."

फक्त रझक कुठून आणायचं ते तिला माहीत नव्हतं. बिअरला कडूपणा देणाऱ्या त्या सुकलेल्या कळ्या मार्कार स्वतः आणायचा. ती बाजारातल्या जडीबुटीवाल्याकडे गेली. म्हाताऱ्याने विचारलं, "झोप येत नाही का, बाई?"

"नाही येत."

"चिमूटभर उकळून घ्या, रात्री निजताना."

"चिमटीने नाही भागायचं," वार्सेनिक म्हणाली. "अर्धा किलो द्या."

म्हाताऱ्याने तिच्या काळ्या कपड्यांकडे पाहिलं आणि काही न विचारता अर्धा किलो तोलून दिलं.

पहिली खेप आंबट झाली. ती तिने डाळिंबाच्या बुंध्याशी ओतून टाकली. दुसऱ्या खेपेला बाटल्या भरताना तिने साखर जास्त घातली. जून महिना होता, दुपारची वेळ. भिंतीपलीकडून एकापाठोपाठ पाच धडाके ऐकू आले. आमच्या पिढीने युद्धातले बॉम्ब ऐकलेले आहेत. मी अनवाणीच धावले. दार उघडं होतं आणि आतल्या खोलीतून येगिसा विचारत होती, "पुन्हा सुरू झालं का? कुणी सुरू केलं?"

वार्सेनिक तळघराच्या पायऱ्या चढून वर आली. केसांत फेस आणि हातात काच.

"काही नाही, मायरिक," ती म्हणाली. मायरिक म्हणजे आई. सासूला ती तसंच म्हणायची. "बाटल्या फुटल्या."

"कसल्या बाटल्या?"

"बिअरच्या."

मग येगिसा म्हणाली, "मार्कार असता तर एकही फुटली नसती."

"हो ना," वार्सेनिक म्हणाली आणि झाडू आणायला गेली.

तिसरी खेप बरी झाली. पण ती कुणी प्यायची हा प्रश्नच होता. मार्कारचे मित्र आता येत नव्हते. बाटल्या नुसत्या उभ्या राहिल्या. मग ऑगस्टमध्ये एके दिवशी तिने साठ किलो टोमॅटो आटवले. पहाटे पाचला लागली होती, मध्ये दोनदा सासूला वळवून आली होती. शेवटची बरणी बंद करून तिने पातेलं घासलं, अंगण धुतलं आणि ओट्यावर बसली. हात कोपरापर्यंत लाल, पाय सुजलेले. ती सांगते की तेव्हा आपल्याला काय हवंय तेच तिला कळेना. पाणी नको होतं, चहा नको होता, निजावंसंही वाटत नव्हतं. शेवटी तळघरातून एक बाटली आणली, पाय थंड पाण्याच्या घमेल्यात सोडले आणि ग्लास भरला.

"कशी लागली?" मी विचारलं.

तिने विचार केला. "कडू. मग बरी. मग संपली."

त्या दिवसापासून तिचा नियम ठरला. रोज एक ग्लास, आणि तोही सगळं आवरल्यावर. चादर वाळत घालायची राहिली असेल तर नाही, एखादं भांडं पडलं असेल तर नाही. एकदा ग्लास भरल्यावर तिला निवडायच्या कोथिंबिरीची जुडी दिसली. तिने ग्लासवर बशी झाकली आणि जुडी निवडून मगच बसली. साधारण पाचच्या सुमाराला भिंतीपलीकडची खुर्ची सरकायची आणि मग अर्धा तास कसलाही आवाज यायचा नाही. येगिसाचा तेवढा यायचा.

"पोरी, काय करतेस बाहेर?"

"काही नाही, मायरिक."

"काही नाही कसं करतात?"

"बसून."

असं दोन वर्षं चाललं. मग येगिसाचा धाकटा मुलगा सेरोप तेहरानहून आईला भेटायला आला. तो वर्षातून दोनदा यायचा, मिठाई घेऊन. या वेळी संध्याकाळी पाचला तो अंगणात आला आणि भावाची विधवा खुर्चीत, पाय पाण्यात, हातात ग्लास, असं त्याने पाहिलं. त्यांचं बोलणं मला भिंतीतून शब्दन् शब्द ऐकू आलं.

"वहिनी, हे काय?"

"बिअर. तुम्हाला देऊ?"

"मार्कार प्यायचा ते ठीक. पण एकट्या बाईने असं उघड्यावर बसून... लोक काय म्हणतील?"

"अंगणात लोक कुठेत? शेजारीण आहे, तिला माहीत आहे."

"आत माझी आई पडून आहे आणि तुम्ही इथे पीत बसलाय."

"तिचं सगळं झालंय. वळवलं, पुसलं, जेवू घातलं. सातला औषध आहे, ते देईन."

सेरोपचा आवाज चढला. "तुम्हाला हे झेपत नसेल तर तसं सांगा. आईला मी घेऊन जातो."

बहुतेक त्याला वाटलं असावं की ती ग्लास खाली ठेवेल, माफी मागेल. वार्सेनिकने उरलेला घोट घेतला.

"न्या," ती म्हणाली. "चादरी बांधून देते. तेल कुठे लावायचं ते लिहून देते."

मागे घेता येण्यासारखं ते बोलणं नव्हतं. तिसऱ्या दिवशी भाड्याची रुग्णवाहिका आली आणि येगिसाला तेहरानला घेऊन गेली. जाताना ती सुनेशी एक अक्षर बोलली नाही. वार्सेनिक दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावर काही दिसत होतं असं मी म्हणणार नाही.

मला वाटलं, आता बाईला विसावा. दुसऱ्या दिवशी पाच वाजता खुर्ची सरकली, पण पाचच मिनिटांनी पुन्हा सरकली. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी मी गेले. ग्लास भरलेला होता, वरचा फेस बसून गेला होता.

"बिघडली का ही खेप?"

"खेप चांगली आहे," ती म्हणाली. "सकाळी दहालाच सगळं आवरून होतं. मग ही नुसतीच कडू लागते."

पुढचे दिवस तिने घरातल्या सगळ्या रजया उसवल्या. लोकर धुतली, काठीने झोडपली, पुन्हा भरली, पुन्हा शिवली. ते संपल्यावर माझ्या दोन रजया नेल्या. मला नको होतं, पण तिने विचारलंच नाही. संध्याकाळी ती ग्लास अर्धा प्यायची, अर्धा ठेवायची. सासूची आठवण येते का, असं मी विचारलं नाही आणि तिनेही काही सांगितलं नाही.

अकराव्या दिवशी रुग्णवाहिका परत आली.

सेरोप आधी उतरला, कमरेवर हात ठेवून. दहा दिवसांत त्याची पाठ धरली होती. बायको माहेरी जाऊन बसली होती. ठेवलेली नर्स दोनच दिवसांत सोडून गेली होती. हे त्याने सांगितलं नाही. येगिसाने सांगितलं, गादीवर टेकवायच्या आधीच, गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजात. वार्सेनिकने तिला कुशीवर वळवून पाठ पाहिली. कमरेच्या खाली तळहाताएवढी जखम झाली होती. तिने पाणी गरम करायला ठेवलं.

जखम धुऊन, पट्टी बांधून, चादर बदलून होईपर्यंत साडेसहा झाले. सेरोप दारापाशी उभा होता. "वहिनी," तो म्हणाला, "मी तेव्हा जे बोललो ते..."

"तिकडे भांडी पडलीत," वार्सेनिक म्हणाली.

त्याने भांडी घासली. नीट घासली नाहीत, पण घासली.

त्या संध्याकाळी येगिसाने सुनेला जे सांगितलं ते ऐकायला मी खोलीतच होते, पट्टीचा गठ्ठा धरून. "तिकडच्या सुनेचं तोंड सकाळपासून वाकडं असतं," म्हातारी म्हणाली. "दिवसभर वाकडं, रात्रीही वाकडं. तुझंही वाकडंच असतं. पण पाचला तू बाहेर जातेस आणि येतेस तेव्हा सरळ झालेलं असतं."

"मग?"

"मग काय. जा आता. उशीर झाला तुला."

वार्सेनिक गेली. खुर्ची सरकल्याचा आवाज मी पहिल्यांदाच आतून ऐकला.

येगिसा त्यानंतर साडेतीन वर्षं जगली. भांडणं होत राहिली. सूप खारट, चादर ओली, खिडकी कधी उघडी तर कधी बंद. बिअर तिने कधी मागितली नाही आणि चांगली असंही कधी म्हटलं नाही. पलंग मात्र अंगणाकडच्या खिडकीशी हलवून घेतला. जखम भरायला चार महिने लागले. सेरोप दर महिन्याला येऊ लागला, दोन दिवस राहू लागला, आणि तेवढे दोन दिवस आईला वळवायचं काम त्याचं. काम झाल्यावर वार्सेनिक त्यालाही एक ग्लास द्यायची. तो आत, स्वयंपाकघरात उभ्याने प्यायचा. अंगणात तिच्याशेजारी बसायला त्याला शेवटपर्यंत जमलं नाही.

जानेवारीत, बर्फ पडलेलं असताना, येगिसा झोपेतच गेली. पुढचे काही महिने वार्सेनिकने पुन्हा रजया उसवल्या, आणि मग तिचं तिलाच ते पुरेनासं झालं. चर्चच्या मागे आमच्या म्हाताऱ्या माणसांचा आश्रम आहे. तिथे ती गेली आणि पलंगाला खिळलेल्यांना वळवणारं कुणी हवंय का, असं विचारलं. त्यांना हवंच होतं. आता रोज सकाळी सातला जाते, सहा जणांचं करते, चारला परत येते. मग आपलं घर आवरते.

गेल्या उन्हाळ्यापासून तिने अंगणात दुसरी खुर्ची ठेवली आहे. मला बोलावलं वगैरे नाही. एकदा म्हणाली, "तुझं आवरलं असेल तर ये." तेव्हापासून मीही पाचच्या आधी भांडी घासून टाकते. आम्ही फारसं बोलत नाही. तिची बिअर माझ्या जिभेला अजूनही जरा जास्तच कडू लागते. तसं मी तिला सांगितलंही. ती म्हणाली, "मग सकाळी आणखी थोडं काम काढ."